मागल्या दारचा गुण

रंगनाथ पुंजाजी बोरस्ते यांना आपल्या दारावर फक्त एक पाटी लावायची होती. लोकांनी आयुष्यात याहून मोठाल्या इच्छा केल्या आहेत आणि त्या बिनबोभाट पुऱ्याही झाल्या आहेत. कुणी विहीर खणली, कुणी माडी चढवली, कुणी दुसरे लग्न केले, आणि शेजाऱ्यांनी फार तर दोन दिवस तोंडे वाकडी केली. पण एकोणीसशे छत्तीस साली पंचवटीच्या एका बोळात रंगनाथरावांनी चार हात लांबीच्या फळीचा विचार मनात आणला आणि तिथून त्यांच्या संसाराचे चाकच रुळावरून घसरले.

पाटीवरचा मजकूर ठरलेला होता: 'डॉ. रंगनाथ पुंजाजी बोरस्ते, कायरोप्रॅक्टर (अमेरिका)'. यातला शेवटचा शब्द कंसात असला तरी सगळा जीव त्याच्यातच होता.

रंगनाथराव स्वतः अमेरिकेला गेलेले नव्हते. मुंबईला ते एकदा गेले होते, आणि तिथेही कंबर धरल्यामुळे धर्मशाळेच्या ओसरीवर पडून, राणीचा बाग न बघताच परत आले होते. पण माणूस जात नसला तरी टपाल जाते. निफाडच्या शाळेत मास्तरकी करताना पोरांच्या पाट्यांवर वाकून वाकून त्यांची कंबर कायमची अधू झाली होती. मिठाचा शेक झाला, एरंडाची पाने झाली, त्र्यंबकच्या एका बैराग्याने दिलेला लेप झाला. त्या लेपाने कंबर होती तशीच राहिली आणि कातडी गेली. अशात एका इंग्रजी मासिकाच्या मागच्या पानावर त्यांना कळले की जगातली बहुतेक दुखणी पाठीचे मणके जागचे हलल्याने होतात, आणि ते मणके नुसत्या हातांनी जागेवर बसवण्याचे शास्त्र अमेरिकेतले एक कॉलेज टपालाने शिकवते.

रंगनाथरावांना मूलबाळ नव्हते, व्यसन नव्हते, आणि शास्त्रावर श्रद्धा होती. अशा माणसाला कुणीच वाचवू शकत नाही. खाटकाकडून बोकडाचा कणा आणून ते पुस्तक समोर धरून त्यावर अंगठे चालवू लागले. अभ्यास झाला की मालनबाई तोच कणा रश्शात टाकीत, त्यामुळे विद्येत काही फुकट गेले असे म्हणता येणार नाही. पुढे सोनेरी ठशाची पदवी आली, मास्तरांनी नोकरी सोडली, आणि नवराबायको पंचवटीत भाड्याच्या घरात आली. या सगळ्या शास्त्रात एकच उणीव निघाली. स्वतःचा कणा स्वतःला बसवता येत नाही. अमेरिकेने हे शेवटच्या धड्यात सांगितले.

तेव्हा दुसऱ्याची पाठ सरळ करता करता रंगनाथराव स्वतः वाकलेलेच राहिले, आणि रोज दिवेलागणीला मालनबाई तव्यावर मीठ तापवून त्यांची कंबर शेकत राहिल्या.

पण धंदा चालला, हे कबूल करायला हवे. सुरुवातीचे काही महिने एक मांजर सोडले तर ओसरीवर कुणी फिरकले नाही. मग मखमलाबादेची साळूबाई आली. ती भाजीच्या पाट्या उचलून उचलून मोडून गेली होती. ती वाकून आली आणि ताठ गेली. तिच्या मागून सारी भाजीबाजाराची रांग आली. पालथे निजवायचे, कण्यावरून अंगठे फिरवायचे, एके ठिकाणी थांबायचे आणि बेसावध क्षणी झटका द्यायचा. आतून 'टक' असा आवाज येई. माणूस आई आठवून ओरडे. मग रंगनाथराव त्याला शांतपणे म्हणत, "आता मागल्या दाराने जा."

हा मागल्या दाराचा नियम अमेरिकेचा होता. पुस्तकात स्पष्ट लिहिले होते की येणारा आणि जाणारा रोगी एकमेकांसमोर येता कामा नये. जाणाऱ्याचे तोंड बघून येणारा पळतो. म्हणून रंगनाथरावांचा रोगी पुढल्या दाराने शिरे आणि स्वयंपाकघरातून, मालनबाईंच्या चुलीला वळसा घालून, परसात निघे. परसातून तो सरळ चालत जाई. खिडकीतून त्याची ताठ पाठ बघताना रंगनाथरावांच्या डोळ्यांत पाणी येई. शिक्षकाला सबंध नोकरीत जे समाधान मिळत नाही ते त्यांना त्या पाठींकडे बघून मिळत होते.

एक गोष्ट मात्र सलत होती. कुणी त्यांना डॉक्टर म्हणत नव्हते. बरा झालेला म्हणे, "येतो मास्तर." न झालेलाही तेच म्हणे. म्हणून पाटी.

बोळात पाटी लावायची तर म्युनिसिपालिटीच्या कचेरीची परवानगी लागते. तिथल्या कारकुनाने मजकूर वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे कायरो म्हणजे काय? अत्तर वगैरे का?"

"कायरोप्रॅक्टिक," रंगनाथराव म्हणाले. "हाताने करायची चिकित्सा."

"म्हणजे मालिश."

"मालिश नव्हे. मालिश न्हावी करतात."

"मग मोडलेली हाडं बसवता?"

"मोडलेली नाही. सरकलेली."

"औषध देता?"

"देत नाही. तेच तर शास्त्र आहे."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या वहीत धंद्यांचे खाने होते आणि त्या खान्यांत रंगनाथराव बसत नव्हते. "हे बघा, माझ्याकडे डॉक्टर आहे, वैद्य आहे, हकीम आहे, सुईण आहे, न्हावी आहे, तालमीचा उस्ताद आहे. औषध देत नाही म्हणजे पहिले तीन गेले. सुईण तुम्ही नाही. न्हावी म्हटलं तर तुम्हाला राग येतो. मग तुम्ही कोण?"

हा प्रश्न विचारून थोरामोठ्या ऋषींनी जन्म घालवले आहेत, पण त्यांना मागे रांग नव्हती. रंगनाथरावांना उत्तर सुचेना.

"असं करा," कारकून म्हणाला, "लोक तुम्हाला काय म्हणून ओळखतात ते आधी बघा. चार भल्या माणसांना विचारा, त्यांच्या सह्या आणा. लोक म्हणतील तो खाना."

रंगनाथराव उतरत्या पायऱ्यांवर कंबर धरत खाली आले, पण मनातून खूश होते. कॉलेजच्या पुस्तकात 'समाजाच्या नजरेत आपण' असा एक अख्खा धडा होता आणि त्यात स्वतः फिरून लोकमत अजमावावे असे लिहिलेच होते. जे काम कारकुनाने दंड म्हणून दिले ते अमेरिकेने अभ्यास म्हणून सांगितले होते. त्यांनी काळी टोपी घासली, छत्री घेतली आणि संशोधनाला निघाले.

पहिला गोटीराम तांबट. जुन्या नाशकात हंडे ठोकून ठोकून त्याची पाठ गेली होती आणि रंगनाथरावांनी ती आणली होती.

"गोटीराम, तुम्ही मला काय म्हणून ओळखता?"

गोटीरामाने हातोडी थांबवली. "असं का विचारता मास्तर? तुमच्या घरानं मला उभं केलं. घराचे उपकार विसरायचा नाही मी."

"घराचं राहू द्या. माझ्याविषयी सांगा."

"तुमच्याविषयी काय," गोटीराम जरा चाचरला, "तुम्ही सोसायला लावता, पण आत सोडता."

रंगनाथरावांना वाटले, अशिक्षित माणूस, मोघम बोलतो. सहीच्या नावाने त्याने अंगठा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

शेजारच्या झुंबरबाई म्हणजे बोळाचे वर्तमानपत्र. त्या तांदूळ निवडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "नशीब काढलं हो मास्तर तुमी. अशी लक्षुमी कुणाच्या घरात असती?" कंबरेचा लक्ष्मीशी संबंध रंगनाथरावांना लागला नाही. गोदेकाठच्या एका उपाध्यायांनी 'गृहिणीची पुण्याई' या विषयावर निरूपण केले आणि सही मात्र एकादशी झाल्यावर देतो म्हणाले.

संध्याकाळी दमून, कंबर वाकडी करून ते रविवार कारंजापाशी उभे राहिले. पायी घरी जाणे शक्य नव्हते. समोर एक तरुण टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. मालेगावाकडून नुकताच आलेला, सलीम नावाचा. त्याला आपण ओळखीचे नाही, हे बघून रंगनाथरावांमधला संशोधक जागा झाला. पुस्तकात म्हटले होते की खरे मत अनोळखी माणसाकडूनच मिळते. ते अगदी खरे निघाले.

"पंचवटीत डॉक्टर बोरस्त्यांकडे नेशील?"

"कौन डॉक्टर?" सलीमने डोके खाजवले. "त्या नावाचा कोणी नाय तिकडं."

"कंबरेचा इलाज करतात ते."

"असं बोला ना साहेब. पायाळूबाईकडं. बसा, रोज एक-दोन कंबरा मीच तिकडं सोडतो."

रंगनाथराव चढले. घोडा निघाला.

"पायाळूबाई कोण?" त्यांनी शक्य तितक्या थंडपणे विचारले.

"तुम्हाला मालूम नाय? पायाकडून जन्माला आलेली बाई. तिचा डावा पाय कंबरेला लागला की उसण गेली समजा. माझे मामू चार माणसांनी उचलून नेले होते, चालत बाहेर आले. पण एक तकलीफ आहे." सलीमने मागे वळून आवाज उतरवला. "सीधं बाईकडं जाता येत नाय. पुढच्या खोलीत तिचा नवरा बसतो. आधी त्याच्याकडून अंग मोडून घ्यावं लागतं. मग तो आत सोडतो."

टांगा व्हिक्टोरिया पुलावर आला. खाली गोदेचे पाणी संथ होते. रंगनाथरावांनी छत्रीची मूठ घट्ट धरली.

"का मोडतो तो अंग?" ते म्हणाले.

"काय की," सलीम म्हणाला. "मामू बोलतात, गडावर देवीला जायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात ना, तसं समजायचं. आदमी बुरा नाय म्हणतात. फक्त त्याला बोलायला लागतं की तुमच्याच हाताने आराम पडला. तेवढं बोललं की बाईला बरं वाटतं."

सबंध नाशकाने मिळून आपल्याला सांभाळून घेतले आहे, हे कळायला माणसाला असा टांगा मिळावा लागतो. सलीमने त्यांना त्यांच्याच दारात आणून सोडले आणि आपुलकीने सांगितले, "घाबरू नका साहेब. ओरडून घ्यायचं, लवकर सोडतो."

रंगनाथराव पुढल्या दाराने गेले नाहीत. ते बोळाला वळसा घालून परसात शिरले. आयुष्यात प्रथमच ते आपल्या मागल्या दारापुढे उभे होते.

आत पाटावर एक म्हातारी पाठ करून बसली होती. मालनबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी लुगड्याचा घोळ जरा वर घेतला, डावा पाय उचलला, आणि झोपलेले मूल उठू नये इतक्या हळू तो म्हातारीच्या कंबरेला लावला. मग लगेच खाली वाकून, तिला पाय लागला म्हणून, त्या म्हातारीलाच नमस्कार केला. म्हातारी उठली. सरळ उभी राहिली. "मास्तर नाय घरात, ते बरं झालं," ती म्हणाली, "आज नुसताच पाय घेतला."

म्हातारी गेल्यावर रंगनाथराव आत आले. त्यांनी टोपी काढली नाही.

"कधीपासून?"

मालनबाई खोटे बोलल्या नाहीत. "पयल्या दिसापासून. साळूबाई रडत आली तुमच्या खोलीतून. म्हणली, बाई तू पायाळू हायेस असं निफाडाची माणसं सांगत्यात, तर लाव पाय. लावला. मी काय कुणाला बोलवाया गेले नाय."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुमी हाड बसवता, मी पाय लावते. कुणाच्या गुणानं उठतात ते देवाला ठावं. माणूस उठतो ना?"

"ते तुझ्याकडे येतात. मी पायरी आहे."

"अवो, पायरीबिगर देवळात कोण जातं?" मालनबाई म्हणाल्या. त्यांना हे समजुतीचे वाटले होते. पण असली समजूत घालण्यापेक्षा एखादे भांडे फेकून मारलेले बरे असते.

रंगनाथराव खाटेवर बसले. त्यांच्या तोंडून मग ते वाक्य निघाले, जे त्यांना बोलायचे नव्हते. "एवढा जर तुझ्या पायात गुण, तर मला का नाही लावलास? सारा जन्म मी वाकून चाललो. शेकत बसलीस रोज. उभ्या गावाला पाय लावलास, आणि मला?"

मालनबाईंनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले, कुणी ते हिसकावून घेईल अशा भीतीने.

"तुमाला पाय लावू?" त्या म्हणाल्या. "नवऱ्याला पाय लावू? कुठल्या नरकात जागा मिळंल मला? मी तर निजतानी पाय आखडून निजते, झोपंत चुकून लागाया नको म्हणून. लगीन झाल्यापासून कधी पाय लांब केला नाय मी."

यावर एखाद्या शहाण्या माणसाने बायकोजवळ जाऊन बसायला हवे होते. रंगनाथराव शहाणे होते, पण त्या दिवशी ते डॉक्टर होते. त्यांनी मागल्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली टोपीखाली ठेवली.

पाटी लागली. लोकमताचा निकाल कळल्यावर सह्यांची गरजच उरली नाही. कारकुनाला त्यांनी 'तालमीचा उस्ताद' हा खाना स्वतःहून सांगितला, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. रंगारी अब्बासने पिवळ्या फळीवर लाल अक्षरे काढली. फळी चार हात लांब, पण पदवी त्याहून लांब, त्यामुळे 'अमेरिका' हा शब्द शेवटी उतरता होत होत कोपऱ्यात गेला. शिडीवरून उतरताना अब्बासची कंबर लचकली. तो कळ दाबत हळूच म्हणाला, "मास्तर, बाई आहेत का आत?"

"नाहीत," रंगनाथराव म्हणाले. अब्बास तसाच वाकून गेला. जाताना पाटी सरळ लागली आहे की नाही तेवढे मात्र बघून गेला.

त्यानंतर लोक येत, ओसरीवर बसत, आत डोकावत, मागे कुलूप दिसले की पाणी मागून पीत आणि जात. एकदोघे निजले, ओरडले, आणि पुढल्याच दाराने कण्हत बाहेर पडले. त्यांची तोंडे बघून बाकीचे पळाले. अमेरिकेचे म्हणणे अगदी बरोबर होते. सारा श्रावण रंगनाथराव पाटीखाली खुर्ची टाकून बसले. मालनबाई शेक देत, जेवण वाढत, आणि रिकाम्या परसाकडे बघत. नवऱ्याचा मान राहावा म्हणून आपण एवढे केले आणि त्यापायीच तो मान गेला, हे त्यांना उमगत नव्हते. पोरे नसलेल्या त्या घरात दिवसभर कुणी ना कुणी पाटावर बसून, उठताना "बाई, सुखी राहा" म्हणून जाई, तेही बंद झाले होते. रंगनाथरावांना हे दिसत होते. आज उघडू, उद्या उघडू, असे त्यांच्या मनात येई. पण किल्ली काढायची तर टोपी काढावी लागणार होती.

भाद्रपदात मालनबाईंना ताप आला. दोनचार दिवसांचा वाटला, तो हटेना. खरे डॉक्टर आले, त्यांनी नळी लावली, दूषित पाण्याचा ताप सांगितला आणि मान हलवली. भिंतीवरच्या सोनेरी ठशाकडे त्यांनी बघितलेही नाही, आणि रंगनाथरावांच्याही ते लक्षात आले नाही.

बातमी गेली तशी ओसरी भरली. साळूबाई आली, गोटीराम आला, सलीम मामूंना टांग्यात घालून आला. अब्बासची बायको हाजरा पेज घेऊन आली. कुणाच्या शेतातली लिंबे, कुणाचे दूध, कुणाचा अंगारा. सगळी माणसे सरळ उभी होती. घरात एकच माणूस वाकलेला होता.

रंगनाथरावांनी टोपी काढली, किल्ली घेतली आणि मागले दार सताड उघडले. परसातला उजेड मालनबाईंच्या अंथरुणापर्यंत आला.

"बघ," ते म्हणाले, "उघडलं. बरी झालीस की लाव पाय कुणाला लावायचा तो. मी पुढं बसतो."

मालनबाईंनी डोळे किलकिले केले. "आता पायात जोर नाय राह्यला," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुमच्या कंबरेचं कसं व्हायचं?" त्या शेवटपर्यंत कुशीवर, पाय पोटाशी घेऊनच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आता या गोष्टीत हसण्यासारखे काही उरले नाही असे वाटेल. पण दैव असे की ते वेळकाळ बघत नाही. मालनबाईंना खाटेवरून भुईवर घेताना रंगनाथरावांनी खांद्याखाली हात घातला, जरा वाकले, आणि त्यांच्या पाठीत अशी कळ गेली की ते तिथेच गुडघ्यांवर बसले. त्यांना उठता येईना. मान वर करता येईना. मेलेल्या बायकोशेजारी ते ओणवे होऊन राहिले.

माणसे घोटाळली. अग्नी द्यायला दुसरे कुणी नव्हते. कुणी म्हणाले, निफाडाहून पुतण्या गोरक्षला बोलवा, तो मडके धरील. कुणी म्हणाले, तोवर दिवस मावळेल.

"नको," रंगनाथराव जमिनीकडे बघत म्हणाले. "गोरक्ष नको. मीच जाईन. रांगत जाईन पण मीच."

ते बसले होते तिथेच पुरुषांनी त्यांच्या अंगावर पाण्याची घागर ओतली. ते ओलेत्याने, उघड्या पाठीने तसेच कुडकुडत राहिले. बायकांनी मालनबाईंना हिरवे लुगडे नेसवले. सवाष्ण गेली म्हणून एकेक जण येऊन पायांना हळदकुंकू लावून डोके टेकवत होती. ते पाय आता तळव्यांपर्यंत लाल झाले होते. मग झुंबरबाई पदर सावरून पुढे आल्या. बोळाचे वर्तमानपत्र त्या दिवशी अगदी हलक्या आवाजात बोलले.

"मास्तर, राग मानू नका. तिच्या पायाला पाठ लावून बसा."



"जिती होती तवा तिला पाप लागलं असतं," झुंबरबाई म्हणाल्या. "आता कुठलं पाप लागतंय? आता ती कुणाची बायको नाय."

रंगनाथरावांनी मान वळवली. मालनबाई उताण्या होत्या, आणि त्यांचे पाय सरळ, लांब केलेले होते. इतक्या वर्षांच्या संसारात रंगनाथरावांनी ती अशी निजलेली कधी बघितली नव्हती. मग त्यांना जे रडू आले त्यात शास्त्र, मान, अमेरिका, सगळे वाहून गेले.

गोटीराम आणि सलीम यांनी त्यांना धरून फिरवले. ते सरकत सरकत मागे गेले आणि पाठ तिच्या तळव्यांना टेकवली. तळवे थंड होते. टाचेला भेगा होत्या. ते डोळे मिटून बसले. ओसरी, परस, बोळ, सगळीकडची माणसे बघत होती. त्यातल्या प्रत्येकाची कंबर कधी ना कधी याच पायांनी सुटली होती.

खरे सांगायचे तर काडीचाही गुण आला नाही. कळ होती तिथेच होती, उलट थंडाव्याने वाढली. कायरोप्रॅक्टर म्हणून रंगनाथरावांना त्याच क्षणी कळले की त्यांचे म्हणणे पहिल्यापासून बरोबर होते. पायाच्या स्पर्शाने मणका हलत नाही. साऱ्या नाशकापुढे ते सिद्ध करायला त्यांना नुसते बसून राहायचे होते.

"आला का गुण, मास्तर?" झुंबरबाईंनी विचारले.

रंगनाथरावांनी दातावर दात दाबले. जमिनीला हात लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी ते उठले, उभे राहिले, आणि जन्मात कधी राहिले नव्हते इतके सरळ उभे राहिले.

"आला," ते म्हणाले.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी तरी म्हणाले, गेली तरी नवऱ्याचे करून गेली. विस्तवाचे मडके हातात घेऊन रंगनाथराव तिरडीपुढे चालू लागले. पाटीखालून गेले तेव्हा त्यांनी वर बघितले नाही. प्रत्येक पावलाला पाठीत सुरी फिरत होती आणि ते ताठ चालत होते. त्यांच्या ओल्या उघड्या पाठीवर, ऐन कण्यावर, दोन पावले लाल उमटली होती. मागून चालणाऱ्या साऱ्या माणसांना ती घाटापर्यंत दिसत होती.

घाटावर मयतांची नोंद करणारा मुनशी बसला होता. नाव, गाव लिहून झाल्यावर त्याने मागची गर्दी बघितली आणि लेखणी थांबवली.

"एवढी माणसं? बाई कोण होत्या?"

"पायाळू होती," रंगनाथराव म्हणाले. "लोकांच्या कंबरा बऱ्या करायची."

"आणि तुम्ही कोण?"

या वेळी त्यांना उत्तर शोधावे लागले नाही.

"मी तिचा नवरा. तिच्याकडे जायच्या आधी लोकांचं अंग मोडून द्यायचो."

मुनशीने मान खाली घालून जे लिहायचे ते लिहिले. चिता रचून होईपर्यंत बराच वेळ गेला. रंगनाथरावांना सलीमने दोनदा बसायला सांगितले, पण ते बसले नाहीत.